ज्याचं त्यानं धुवायचं

"धोतर कोण धुतं?"

आमच्या घरमालकांनी आम्हां नवराबायकोला विचारलेला हा पहिला प्रश्न. ती लढाईची वर्षं होती. यांना कराडच्या कोर्टात कारकुनाची नोकरी लागली म्हणून लग्नानंतर लगेचच आम्ही सांगली सोडली होती. गावाच्या वरच्या अंगाला एका पेन्शनर सुभेदाराच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत, असं कुणीतरी सांगितलं होतं. गाव कुठलं, पगार किती, पाहुणेरावळे किती येतात, या प्रश्नांची उत्तरं आम्ही टांग्यात बसून ठरवून ठेवली होती. धोतराची तयारी कुणाचीच नव्हती.

"हीच धुते की," हे म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे, तेच त्यांना कळेना.

"मग खोली न्हाई."

म्हातारा आत वळलासुद्धा. टांगेवाल्यानं तोवर आमची वळकटी खाली टाकली होती आणि ऊन डोक्यावर आलं होतं. हे मागोमाग धावले. तेव्हा उंबऱ्यातच थांबून सुभेदारांनी ऐकवलं, "ह्या घरात ज्याचं त्यानं धुयाचं. बाईचं बाईनं, गड्याचं गड्यानं. कबूल आसंल तर सामान चढवा, न्हाई तर टांगा हाय उबा."

यांनी कबूल केलं. एकदा खोली मिळाल्यावर कोण बघायला येतंय, असा त्यांचा कोर्टकचेरीतला हिशेब. तो साफ चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार जिन्याच्या तोंडाशी उभे, आणि यांचं धोतर माझ्या हातात दिसताच खालून हाक आली, "रायटरसाब, तुमचं काईतरी तुमच्या बायकूच्या हातात ऱ्हायलंय." त्या दिवशी आमच्या यांनी जन्मात पहिल्यांदा धोतर धुतलं. ते वाळल्यावर इतकं आखडलं होतं, की जणू कांजी घालून इस्तरीला ठेवलंय. साबण निघालाच नव्हता.

सुभेदारीणबाईंना आम्ही पुढे मामी म्हणू लागलो आणि सुभेदारांना मामा. मामींनी मला पहिल्याच दिवशी चहा देता देता धीर दिला. "घाबरू नगंस. पेन्शनीवर आल्यापास्नं त्यांचं धोतर म्या हातात धरलं न्हाई. पैल्यांदा लय वाईट वाटलं. वाटलं, रुसलाय ह्यो माणूस माझ्यावर."

"आणि आता?"

"आता त्यांनी माझ्या लुगड्याला हात लावला तर मलाच खपायचं न्हाई," मामी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ हसल्या.

मामा उंच, हडकुळे, पांढऱ्या मिशांचे. धोतरावर खाकी कोट घालायचे. तो कोट इतक्या वेळा धुतला गेला होता की खाकी जाऊन त्याला ताकासारखा रंग आला होता. माणूस भेटला की ते आधी तोंडाकडे बघत नसत, गळपट्टीकडे बघत. ओळखीचा असला तर दोन बोटांनी ती उलटी करून आतून तपासत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाची गळपट्टी अक्षता पडायच्या आधी उलटून बघितली होती, आणि "ठीक हाय, हू द्या," असं म्हटल्यावरच भटजींनी पुढचं चालू केलं, असं गावात सांगत. खरं-खोटं देव जाणे, पण सांगणाऱ्यांपैकी कुणालाही ते अशक्य वाटत नसे. मळकं हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. कापड मळत नाही, दमतं, असं ते म्हणायचे. "रायटरसाब, सदरा दमलाय तुमचा," असं ऐकलं की आमचे हे मुकाट्यानं बादली शोधायला लागत.

पण गाव त्यांना ओळखायचं ते त्यांच्या धुणंघरामुळे.

घरामागच्या मळ्यात त्यांच्या वडिलांचं जुनं गुऱ्हाळ होतं. ऊस गाळायचा चरक, रस कढवायची भली मोठी काहील, तिच्याखालचं चुलवण, सगळं होतं. पेन्शनीवर आल्यावर मामांनी गूळ करणं बंद केलं आणि त्या काहिलीत पाणी तापवायला घेतलं. बाजूला माणूस आत उभा राहील एवढ्या दगडी डोणी बसवल्या. कुणीही यावं, आपल्यापुरतं जळण आणावं, गरम पाणी घ्यावं, डोणीत आपले कपडे आपण धुवावेत आणि घरी जावं. परीट नाही, मोलकरीण नाही, पैसा नाही. पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या लढाईत, त्यांनी गोऱ्या शिपायांना एका तंबूत रांगेनं उभं राहून आपापल्या चड्ड्या धुताना बघितलं होतं, आणि तेच डोक्यात घेऊन हा माणूस कराडला परत आला होता. आता माझी नात परदेशात राहते. तिथे म्हणे कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं असतात, आपले कपडे आपण न्यायचे, यंत्रात घालायचे, नाणं टाकायचं आणि बाकावर बसून राहायचं. ती हे फार कौतुकानं सांगते. मी म्हणते, बाई गं, हे मी लढाईच्या काळात कराडला बघितलंय आणि त्यात नाणंसुद्धा लागत नव्हतं.

सुरुवात मात्र फजितीनंच झाली. काहील घासून घेतली होती तरी वर्षानुवर्षांचा गूळ तिच्या सांध्यांत मुरलेला. पहिल्या दिवशी धुतलेले कपडे दांडीवर वाळत घातले आणि अर्ध्या तासात त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागली. एका म्हातारबाईंनी घाईत तसंच लुगडं नेसलं आणि त्या मारुतीच्या देवळापर्यंत नाचत गेल्या. मग चरक. ओले कपडे पिळायला तो नामी उपयोगी पडेल असं मामांना वाटलं होतं. पिळले गेलेही, पण बटणांचं पीठ झालं. त्यांनी सुताराला बसवून लोखंडाच्या जागी लाकडाच्या लाटा, म्हणजे रूळ, करून घेतल्या आणि मधे जरा फट ठेवली. तेव्हापासून कपड्याचं एक टोक लाटांमध्ये अडकवायचं आणि चरकाचा लांब दांडा ढकलत फेरा मारायचा, की दुसऱ्या अंगाला कापड पिळून बाहेर.

दांडा ओढायला पूर्वी बैल असायचा. मामांनी त्याला रजा दिली. मी कारण विचारलं.

"बैल कापडं घालतो व्हय?" त्यांनीच मला विचारलं.

"नाही."

"मग त्येनं का वडावं?"

"पण विहिरीची मोट बैलच ओढतो की, मामा."

"पाणी पितो न्हवं त्यो? मग मोट त्येची." त्यांच्या लेखी विषय संपला होता. दोन-चार वर्षांनी तर मलाही ते बरोबरच वाटायला लागलं.

मुंग्या गेल्या, बटणं वाचली, तरी बायका येईनात. मामांनी प्रत्येक डोणीभोवती पुरुषभर उंचीची भिंत बांधली होती. बाईमाणसाला आडोसा हवा, हा त्यांचा विचार. गरम पाणी तयार, रिठे उकळून तयार, आणि बायका मात्र बोचकी घेऊन संगमावरच्या घाटाकडे जायच्या, गार पाण्यात तास तास उभ्या राहायच्या. मामा दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत. रागानं नाही, कोडं पडल्यासारखे.

शेवटी मी म्हटलं, "मामा, बायका घाटावर काय नुसत्या धुवायला जातात?"

"मग?"

"बोलायला जातात. तुमच्या भिंतीशी कोण बोलणार?"

त्यांनी माझ्याकडे इतकं रोखून बघितलं की आता खोली सोडावी लागणार, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाडधाड आवाजानं जाग आली. म्हातारा स्वतः पहार घेऊन भिंती पाडत होता. "पल्टनीत गोळी चुकवाय आडोसा लागतो, वाटलं हितं बी लागंल. चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर बायका आल्या. इतक्या आल्या, की सकाळ बायकांची आणि दुपार गड्यांची, अशी वाटणी करावी लागली. कुणी कुणाशेजारी धुवायचं यावरून आधी कुरबूर झाली, चार घरच्या बायका नाक मुरडून परत गेल्या. मामा कुणाची समजूत काढायला गेले नाहीत. जो येईल त्याला रिकामी असेल ती डोणी, एवढंच ते म्हणत. थंडी पडली तशा त्या चारही घरच्या बायका आल्या. गावची परटीण सोमवारी यायची, ती फक्त स्वतःचं लुगडं घेऊन. आठवडाभर दुसऱ्यांचे कपडे बडवणारी ती बाई त्या दिवशी गरम पाण्यात हात घालून माहेरी आल्यासारखी निवांत बसायची.

नियम मात्र एका सुताइतकाही हलला नाही. स्वतःचंच धुवायचं. तान्ह्या पोराचं आईनं धुतलं तर चालेल, पण पोर चालायला लागलं की त्यानं निदान आपली टोपी तरी बुचकळायची. आजारी माणसाचे कपडे ठेवून द्यायचे, बरा झाला की तो धुवेल. एका साहेबाचा पट्टेवाला साहेबांच्या विजारी घेऊन आला होता. मामांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुजी कापडं हायेत? मग आन ती आनि धू. ह्या इजारीतला मानूस कुटं हाय? त्येला लावून दे." पट्टेवाला हसत हसत गेला. साहेब काही आला नाही, आणि त्याची दुसऱ्या गावी बदली होईपर्यंत तो धुणंघराच्या रस्त्यानं कधी गेला नाही.

पुढे गावात नळ आले, घरोघरी मोऱ्या झाल्या, वड्यांचा साबण मुबलक झाला, आणि धुणंघर आपोआप ओस पडलं. ते कुणी बंद केलं नाही. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या भरभराटीच्या दिवसांतलं. लढाईचा शेवट जवळ आला होता तेव्हाचं.

कोयनेकडच्या एका खेड्यातली बाई सकाळच्या पाळीला आली. वयानं मामींहून थोडी लहान. डोक्यावर बोचकं आणि काखेत जळणाची मोळी. तिनं डोणीत बोचकं सोडलं तशी मामांची नजर गेली. खाकी सदरा, पायजमा, गड्याचे कपडे.

"कुणाचं हाय?"

"ल्येकाचं."

"ल्हान हाय?"

"न्हाई. पल्टनीत हुता. गेल्या म्हयन्यात घरला आलाय."

"मग त्येला लावून दे. दुपारची पाळी गड्यांची हाय."

बाई खाली बघत म्हणाली, "त्येला हात न्हाईत, दादा."

आम्ही सगळ्या थांबलो. धुण्याचा आवाज बंद झाल्यावर ते गुऱ्हाळ केवढं मोठं आहे ते कळलं. बाई हळूहळू सांगत गेली. सुरुंग फुटला होता, दोन्ही हात कोपराखाली गेले होते. पोरगा पंचविशीतला. घरी आल्यापासून माजघराच्या बाहेर पडला नाही, कुणाशी बोलत नाही. ती भरवते, ती आंघोळ घालते, ती धोतर नेसवते. नदीवर बायका चौकशा करतात म्हणून ती एवढ्या लांब इथे आली होती.

मला खात्री होती, आता नियम मोडणार. असल्या ठिकाणी दगडसुद्धा पाझरेल. माझ्या शेजारच्या एकीनं तर वाटही काढून दिली, "मामा, लेकराचं आय धुती ते चालतंया न्हवं? मग ह्ये बी लेकराचंच समजा की."

"पल्टनीतला जवान हाय त्यो," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. "त्येला लेकरू करू व्हय? आज त्येचं धुनं लेकराचं म्हनायचं, उद्या त्येला पाळन्यात घालायचं?"

"मग आजारी समजा!"

"त्यो आजारी न्हाई." मग ते त्या बाईकडे वळले. "बाई, येत्या बाजाराला त्येला घिऊन या. ही कापडं बी आना. आज अशीच परत न्या."

 ओले झालेले कपडे बाईनं तसेच बोचक्यात बांधले, डोक्यावर घेतले आणि गेली. पाणी तिच्या मानेवरून ओघळत होतं. एकेक करून आम्ही सगळ्यांनी आपापली धुणी गोळा केली. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुणंघरात एकही बाई नव्हती, आणि दुपारी गडीही आले नाहीत. चुलवण पेटलेलं, काहिलीतून वाफा निघताहेत आणि मामा एकटे. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. हे तर म्हणाले, "आपण दुसरी खोली बघू. असल्या माणसाच्या घरात राहायचं नाही."

संध्याकाळी मी खाली गेले आणि तोंडावर बोलले. "मामा, तुमचा नियम मोठा की ती आई मोठी?"

ते उखळावर बसून रिठे फोडत होते. फोडत राहिले. मग म्हणाले, "पोरी, बसऱ्याला माज्याकडं एक आर्डली हुता. वाईकडचा. तोंडावर नुकती मिसरूड फुटलेली. म्या सुभेदार, म्या कशाला धुतोय? माजी कापडं त्यो धुयाचा. कापडात माज्या उवा हुत्या. त्या ह्येच्या अंगावर ग्येल्या आनि ह्येला ताप आला. म्या जित्ता ऱ्हायलो बग. माजा मळ धुऊन त्यो मेला." त्यांनी हातातला रिठा खाली ठेवला. "तवापास्नं माजा मळ दुसऱ्याच्या हाताला न्हाई आनि दुसऱ्याचा तिसऱ्याच्या हाताला न्हाई."

मला गलबलून आलं, पण राग गेला नव्हता. "त्या मुलाला हातच नाहीत, मामा. हे तुम्हांला कळतंय ना?"

"कळतंय की. म्हनून तर बाजारापतूर मुदत मागितली."

"मुदत? ती कशाला?"

"मला कुटं येतंय आजून तसं धुयाला?"

 ते काय म्हणाले हे मला कळलं नाही. ते कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी.

कोर्टाला सुट्टी होती. हे खिडकीशी पान लावत बसले होते आणि एकदम म्हणाले, "अगं, इकडे ये." माडीच्या खिडकीतून धुणंघर उघडं दिसायचं. खाली मामा दोन्ही हात पाठीमागे करून उभे होते आणि मामी त्यांच्या फेट्यानं ते हात बांधत होत्या. गाठ घट्ट बसली का ते मामांनी हिसका देऊन बघितलं. मग ते डोणीत उतरले.

सदरा पाण्यात होता. तो पायानं तुडवायला लागले, ते जमलं. घोंगड्या तशाच तुडवतात. पण सदरा उलटा करायचा होता. पायाच्या बोटांत त्याचं टोक धरून ओढताना तोल गेला आणि साठी उलटलेला तो माणूस तोंडावर रिठ्याच्या पाण्यात पडला. हात बांधलेले, उठता येईना. खोकत होते, डोळे चुरचुरत असणार. मामी अर्धवट उठल्या. "बस!" ते ओरडले. मामी बसल्या. पदर दातात धरून, डोळे गच्च मिटून त्या बसून राहिल्या. मामा कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले, डोणीच्या काठाला खांदा लावला आणि उठले. पुन्हा पाय सदऱ्यावर.

आम्ही दोघं ते कितीतरी वेळ बघत होतो. चरकाशी जाऊन त्यांनी सदऱ्याचं टोक दातात धरलं आणि मान वाकडी करून ते लाटांमध्ये सारायला लागले. ते निसटायचं, पुन्हा दातात धरायचे. कधी कोपरानं रेटता येईल का तेही बघायचं असावं, कारण मामींना सांगून त्यांनी हात सोडवले, कोपरापासून दुमडून बांधून घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टोक एकदा अडकलं तसा त्यांनी दांड्याला छाती लावली आणि पूर्वी बैल फिरायचा त्या वाटेनं ते फिरायला लागले.

हे पान हातात तसंच धरून उभे होते. "काय माणूस आहे," ते म्हणाले.  माझ्या आयुष्यात मी मोठी माणसं कमी पाहिलेली नाहीत. पुढे सभा पाहिल्या, सत्कार पाहिले, भाषणं ऐकली. पण इतकं मोठं काही मी पुन्हा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी घाटावर गेले आणि जमलेल्या बायकांना पाण्यात उभी राहून हे सगळं सांगितलं. 

बाजारच्या आदल्या दिवशीपर्यंत मामांनी शेजारशेजारच्या दोन डोणींत सारखेच फेरफार केले. काहिलीकडून येणाऱ्या पन्हाळीच्या तोंडाला लाकडाची गुडदी, म्हणजे बूच, बसवली आणि तिला दोरी बांधली. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून ओढली की गरम पाणी डोणीत. वाळत घालायची एक दांडी कमरेइतकी खाली आणली. डोणीच्या काठाला खांदा टेकता येईल अशी खाच पाडली. ती खाच कुठून आली ते आम्हां दोघांना ठाऊक होतं.

बाजारच्या दिवशी दोन्ही पाळ्या एकत्र झाल्या. बायका गेल्याच नाहीत आणि गडी लवकर आले. बैलगाडीतून ती बाई उतरली, मागोमाग तो. खांद्यावरून घोंगडं घेऊन दोन्ही बाजू झाकलेल्या. इतकी माणसं बघून तो परत गाडीकडे वळला.

"म्या येत नव्हतो," तो म्हणाला. "आयनं लय गळ घातली. आता हसा समदी."

मामा पुढे झाले नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही. त्यांनी मामींसमोर हात कोपरापासून दुमडून धरले, मामींनी फेटा आवळला, आणि ते त्या दोनांपैकी एका डोणीत उतरले. "जवान, तुजी डोनी ती. माजा सदरा दमलाय. तुजा बी दमला आसंल. चल."

पोरगा तसाच उभा. मामांनी अंगठ्यानं दोरी ओढून पाणी घेतलं आणि तुडवायला लागले. आज सगळं बरोबर जमत होतं. पण सदरा उलटायच्या वेळी नेहमीचंच झालं, पाय सटकला आणि ते कुशीवर आपटले. आम्हां सगळ्यांच्या तोंडून एकदमच आवाज निघाला. माझ्या पुढच्या बाईनं पाऊल उचललं होतं, तिला मामींनी पदराला धरून मागे ओढलं.

"तसं न्हवं, सुभेदारसाब," पोरगा म्हणाला. त्याचा आवाज बऱ्याच दिवसांत न वापरल्यासारखा होता. "बोटानं न्हवं. टाच लावा, टाच. टाचंनं दाबून दुसऱ्या पायानं फिरवायचं."

"मला न्हाई येत," मामा खालून म्हणाले. "दाव की."

त्यानं खांदा उडवून घोंगडं खाली टाकलं. हातांची ती दोन टोकं आम्ही सगळ्यांनी बघितली आणि त्यानं आम्हांला बघताना बघितलं. मग तो डोणीत उतरला. आईनं बोचकं सोडून त्याच्या पायाशी टाकलं आणि ती लांब जाऊन उभी राहिली. त्याचे पाय तरणे होते, पलटणीत घोटवलेले. टाच दाबली, दुसऱ्या पायानं सदरा फिरवला, एका झटक्यात उलटा. मामांना जे इतक्या दिवसांत जमलं नव्हतं ते त्याला पहिल्या खेपेला जमलं. मामा काठाला खांदा लावून उठले, त्याच्याकडे बघत त्यांनीही टाच लावली, आणि ते दोघं शेजारी शेजारी तुडवत राहिले. मधेच पोरगा म्हणाला, "जोर कमी पडतुया तुमचा," आणि मामा म्हणाले, "वय झालं गड्या." त्यावर तो हसला. मोठ्यानं नाही, पण आईच्या कानापर्यंत गेलं असणार. तिनं भिंतीला हात टेकला.

चरकाशी त्यानं सदऱ्याचं टोक दातात धरलं आणि कोपरानं ते लाटांत रेटलं. दांड्याला छाती लावून तो फेरे मारू लागला तेव्हा पुरुषांची गर्दी त्याला वाट द्यायला आपोआप मागे सरली. पिळलेला सदरा दातात धरून तो दांडीशी गेला आणि मान झटकून त्यानं तो वर टाकला. सदरा घसरून मातीत पडला. आई धावलीच.

"आये, सर," तो म्हणाला. "माजं हाय ते."

त्यानं सदरा उचलला, परत डोणीत नेला, परत धुतला, परत पिळला. या वेळी तो दांडीवर राहिला. मी रडत होते आणि माझ्या शेजारी उभे असलेले आमचे हेही रडत होते, ते कबूल न करता.

मामींनी मामांचे हात सोडले. मनगटांवर फेट्याचे वळ उठले होते. ते चोळत मामा त्या आईपुढे जाऊन उभे राहिले. "आता तुमचं धुवा, बाई."

"माजं काय हाय धुयाला?"

"तुमचं लुगडं कवा धुतलंया?"

तिनं अंगावरच्या लुगड्याकडे बघितलं, जणू ते कुणी दुसऱ्याच बाईनं नेसलं होतं. पोरगा घरी आल्यापासून तिनं त्याचं सगळं केलं होतं आणि स्वतःकडे बघायला तिला सवड झाली नव्हती. मामींनी तिला आत नेऊन आपलं एक लुगडं नेसायला दिलं. ती बाहेर आली, रिकाम्या डोणीशी बसली, आणि गरम पाण्यात हात घालून नुसतीच बसून राहिली. मग हळूहळू चोळायला लागली. पाण्याला आलेला रंग बघून ती एकदा ओशाळली, पण कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. बायकांनी बोलायला सुरुवात केली होती, आणि थोड्या वेळानं तीही बोलायला लागली. तिच्या गावच्या ऊसतोडीचं काहीतरी सांगत होती.

उन्हं कलली तसा गाडीवान आत आला. पोरगा दारातल्या दगडावर बसला होता, घोंगडं शेजारी पडलेलं. "चला आता, गावाला पोचाय अंदार हुईल," गाडीवान म्हणाला.

"थांब की गड्या," पोरगा म्हणाला. "आय धुनं धुतीया तिचं. हू दे निवांत."